विभक्त झाल्यावर कोणाच्या हातात किती उरते?

आपण विचारले आहे की, पती-पत्नी वेगळे झाल्यावर स्त्रीचे उत्पन्न घटते आणि पुरुषाचे वाढते असे परदेशी अभ्यासांचा हवाला देऊन सांगितले जाते, तर आपल्याकडे पोटगीपायी पुरुष कफल्लक होतो असेही तितक्याच ठामपणे ऐकू येते. मग यांतले खरे कोणते? कौटुंबिक न्यायालयात कधी पतीच्या तर कधी पत्नीच्या बाजूने वकिली करण्यात ज्याची उमेदीची वर्षे गेली, त्याचे उत्तर जरा लांबणार, कारण ही दोन्ही विधाने आपापल्या घरापुरती खरी ठरलेली मी पाहिली आहेत. कोणते घर कोणत्या बाजूला पडेल, हे बहुतेक वेळा विभक्त होण्याच्या कितीतरी आधी ठरलेले असते: नोकरी कोणी सोडली, मूल कोणाजवळ राहणार, घर आणि जमीन कोणाच्या नावावर आहे, आणि कोणावर किती माणसे अवलंबून आहेत, या चार गोष्टींवर. न्यायालयाचा आदेश त्यानंतर येतो आणि जे आधीच ठरले आहे त्यात थोडीफार दुरुस्ती करतो.

परदेशी अभ्यासांपैकी ज्याचा हवाला सर्वांत जास्त दिला गेला, तो अमेरिकेतील समाजशास्त्रज्ञ लेनोर वाइट्झमन यांचा, १९८५ सालचा. कॅलिफोर्नियातील घटस्फोटांवरून त्यांनी असे मांडले की, घटस्फोटानंतर पहिल्या वर्षात स्त्रीचे राहणीमान ७३ टक्क्यांनी खालावते आणि पुरुषाचे ४२ टक्क्यांनी उंचावते. हे आकडे पुढे वर्षानुवर्षे निकालपत्रांत आणि कायदे करताना झालेल्या चर्चांत उद्धृत होत राहिले. १९९६ मध्ये रिचर्ड पीटरसन यांनी त्याच मूळ माहितीवर पुन्हा गणित केले, तेव्हा स्त्रियांची घट २७ टक्के आणि पुरुषांची वाढ १० टक्के निघाली. दिशा तीच राहिली, अंतर मात्र पुष्कळच कमी झाले. थॉमस लेओपोल्ड यांनी जर्मनीतील कुटुंबांची वर्षानुवर्षांची माहिती तपासून २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेला निष्कर्ष मला अधिक उपयोगाचा वाटतो. पुरुषांना सुरुवातीला बसणारे बरेचसे फटके काळाबरोबर भरून निघतात, तर स्त्रियांच्या घरगुती उत्पन्नातील घट मात्र टिकून राहते, असे त्यांना आढळले. म्हणून पहिल्या वर्षाच्या आकड्यांवरून पुढच्या दहा वर्षांचा अंदाज बांधू नये.

आता गणिताकडे येऊ, कारण बहुतेक वाद गणित नीट न मांडल्यामुळे होतात. पगाराची चिठ्ठी पाहिली तर विभक्त झाल्यावर दोघांचाही पगार तेवढाच राहतो. मोडतो तो एकत्र खर्च. दोन घरांत दोन गॅस, दोन वीजबिले, दोन अनामत रकमा लागतात. म्हणून अर्थशास्त्रज्ञ घरातील माणसांचा हिशेब धरून उत्पन्न मोजतात. आर्थिक सहकार्य आणि विकास संघटनेच्या पट्टीप्रमाणे पहिला प्रौढ १, त्यापुढचा प्रत्येक प्रौढ अर्धा आणि लहान मूल ०.३ धरले जाते. एक कल्पित उदाहरण घ्या. पतीची निव्वळ कमाई ७० हजार, पत्नीची २० हजार, एक मूल. घरात ९० हजार येतात, त्यांना १.८ ने भागले की राहणीमान ५० हजारांचे येते. वेगळे झाल्यावर मूल आईकडे गेले आणि पोटगी नसली, तर पतीचे राहणीमान ७० हजारांवर जाते, म्हणजे ४० टक्क्यांनी वाढते. पत्नीच्या २० हजारांना १.३ ने भागले की १५ हजारांच्या आसपास येतात, म्हणजे ६९ टक्क्यांची घट. सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये कल्याण डे चौधरी प्रकरणात निव्वळ पगाराच्या २५ टक्के पोटगी रास्त मानली होती. ते प्रमाण इथे लावले तर पतीकडे ५२,५०० उरतात आणि पत्नीकडे ३७,५०० होतात, ज्यांना १.३ ने भागले की २८,८०० च्या आसपास येतात. पती तरीही पूर्वीपेक्षा ५ टक्के वर, आणि पत्नी पूर्वीपेक्षा ४२ टक्के खाली.

हेच गणित आपल्याकडच्या घरात करून पाहिले की चित्र पालटते. त्याच कुटुंबात पतीचे आईवडीलही राहत होते असे समजा, आणि त्यांना दुसरे उत्पन्न नाही. मग आधीच्या ९० हजारांना २.८ ने भागायचे, म्हणजे राहणीमान ३२ हजारांच्या घरात. वेगळे झाल्यावर २५ टक्के पोटगी दिली की पती आणि त्याचे आईवडील यांच्या वाट्याला ५२,५०० भागिले २, म्हणजे २६,२५० येतात, आणि पत्नी व मुलाचे २८,८०० च्या आसपास. इथे पतीची घट १८ टक्के आणि पत्नीची १० टक्के. असा पती माझ्यासमोर बसून ‘साहेब, मी संपलो’ म्हणतो, तेव्हा तो खोटे बोलत नसतो. पण या गणितात घर आलेले नाही. आईवडिलांच्या नावावरच्या फ्लॅटमध्ये राहणाऱ्याला भाडे पडत नाही, आणि पुण्यासारख्या शहरात मुलाच्या शाळेजवळ दोन खोल्या घ्यायच्या म्हटल्या की पत्नीच्या ३७,५०० मधला मोठा तुकडा पहिल्या आठवड्यातच जातो. न्यायालयात दोन्ही बाजूंचे वकील टक्केवारीवर भांडतात आणि छपराचा हिशेब पुष्कळदा मागे पडतो, ही माझी जुनी तक्रार आहे.

दोघेही सारखे कमावते असतील, उदाहरणार्थ प्रत्येकी ६० हजार, तर पतीचे नुकसान ठळक दिसते. एकत्र असताना राहणीमान सुमारे ६६,६०० चे. वेगळे झाल्यावर पतीचे ६० हजार. मुलाच्या खर्चासाठी त्याने १० हजार दिले की तो २५ टक्के खाली येतो, आणि पत्नी सुमारे १९ टक्के. त्यात दोन पगार गृहीत धरून घेतलेल्या कर्जाचा हप्ता असेल तर दोघांचीही ओढाताण होते. बँकेला तुमचा घटस्फोट झाला की नाही याच्याशी कर्तव्य नसते. दोघे सहकर्जदार असतील तर न्यायालयात काहीही ठरो, हप्ता चुकला की दोघांचाही पतदर्जा खाली येतो. शहरी, शिकलेल्या जोडप्यांमध्ये ‘पुरुष बुडतो’ ही तक्रार अधिक ऐकू येते, तिचे एक कारण हे आहे. त्याने गमावलेली असते ती मुख्यतः दुसऱ्या पगाराची साथ, आणि पोटगी हे तिचे डोळ्यांना दिसणारे रूप ठरते.

या सगळ्या पट्ट्यांमागे एक गृहीतक आहे, ते असे की घरात आलेला पैसा सर्वांना सारखा मिळत होता. आपल्या घरांमध्ये हे किती खरे असते, हे वाचकांना मी सांगायला नको. शेतावर दिवसभर राबणाऱ्या कित्येक बायकांच्या हातात लग्नाच्या वर्षांमध्ये रोख रक्कम म्हणून काहीच आलेले नसते. नवरा नांदवत नाही म्हणून ती माहेरी येते, दुसऱ्याच्या शेतावर खुरपणीला जाऊ लागते आणि आयुष्यात प्रथमच आठवड्याच्या शेवटी मजुरी मोजून घेते. कागदावर तिचे उत्पन्न शून्यावरून वर गेलेले दिसेल. प्रत्यक्षात घरचे धान्य, घरचे दूध, डोक्यावरचे छप्पर आणि ज्या शेतात तिने घाम गाळला त्या शेतावरचा व्यवहारातला हक्क, हे सारे एका दिवसात गेलेले असते. त्यामुळे स्त्रियांचे वैयक्तिक उत्पन्न विभक्त झाल्यावर ‘वाढले’ असे एखादे सर्वेक्षण सांगत असेल, तर तिने आधी न मोजलेले काम आता मजुरीवर करायला घेतले आहे का, हे आधी पाहावे.

माहेरचा आधार हा दुसरा मुद्दा. वडिलोपार्जित जमिनीत मुलीला जन्मतः हिस्सा देणारी दुरुस्ती महाराष्ट्राने १९९४ मध्ये केली आणि २००५ मध्ये ती देशभर झाली. परंतु सातबारा उताऱ्यावरून बहिणीचे नाव कमी करणारे हक्कसोडपत्र आपल्याकडे राखीपौर्णिमेइतक्याच सहजतेने होते. संसार सुरळीत चालू असताना भावाच्या शब्दाखातर तिने सही केलेली असते, आणि दहा वर्षांनी मुलाला घेऊन त्याच घरी परतल्यावर ती तिथे हक्काने राहणारी नसते, ठेवून घेतलेली असते. नोंदणीकृत हक्कसोडपत्र नंतर मोडून काढणे फार अवघड जाते. शरद जोशी यांच्या शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्ती कार्यक्रमात शेतकऱ्यांनी आपल्या जमिनीचा काही भाग पत्नीच्या नावावर करावा, असे आवाहन केले होते आणि काही गावांत तसे झालेही. ज्या घरांत ते झाले तिथल्या बायकांची वाटाघाटीतली जागा वेगळी असते.

लग्नाच्या काळात कमावलेल्या मालमत्तेचे काय, हा प्रश्न जवळजवळ प्रत्येक पक्षकार पहिल्या भेटीत विचारतो आणि उत्तर ऐकून निराश होतो. गोव्याबाहेर भारतात पतीने लग्नानंतर स्वतःच्या नावावर घेतलेल्या फ्लॅटमध्ये पत्नीला मालकीचा आपोआप वाटा मिळत नाही. घरात राहण्याचा हक्क कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याखाली मिळू शकतो. पण राहण्याचा हक्क विकता येत नाही आणि त्यावर कर्जही मिळत नाही. स्त्रीधन तिचे स्वतःचे, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्येच निःसंदिग्धपणे सांगितले आहे, तरी पावत्या आणि फोटो नसतील तर दागिने परत मिळवताना दमछाक होते. पतीच्या स्थावर मालमत्तेत पत्नीला वाटा देण्याची तरतूद असलेले विवाहविषयक दुरुस्ती विधेयक २०१३ मध्ये राज्यसभेत मंजूर झाले होते. ते लोकसभेत मंजूर न होताच व्यपगत झाले. गोव्यात मात्र पोर्तुगीज काळापासून चालत आलेल्या नागरी कायद्यानुसार, लग्नाआधी वेगळा करार केलेला नसेल तर पती-पत्नीची मालमत्ता सामाईक धरली जाते आणि घटस्फोटात अर्धा वाटा मागता येतो. तिथेही मालमत्तेचा ताबा आणि कारभार पतीकडे असला तर कागदावरचा अर्धा वाटा हातात पडायला वेळ लागतो, पण निदान मागणी मालकीची असते. आमच्याकडच्या पत्नीला ती भरणपोषणाच्या रूपात करावी लागते आणि आपली गरज सिद्ध करत बसावे लागते.

पोटगीबद्दल आता सविस्तर सांगतो, कारण तिच्याबद्दलचे गैरसमज दोन्ही बाजूंना आहेत. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेतले कलम १२५ आता, १ जुलै २०२४ पासून, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत कलम १४४ झाले आहे. २००१ पूर्वी केंद्रीय कायद्यात त्याखाली महिना ५०० रुपयांची कमाल मर्यादा होती, ती त्या वर्षी काढली गेली. कलम १२५ चा मार्ग घटस्फोटित मुस्लिम स्त्रीलाही खुला आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये पुन्हा स्पष्ट केले. हिंदू विवाह कायद्याखालील अंतरिम आणि कायम पोटगी पतीलाही मागता येते, हे पुष्कळांना ठाऊक नसते. पत्नी शिकलेली आहे, कमावू शकते, एवढ्याने तिची पोटगी नाकारली जात नाही; मात्र ती प्रत्यक्ष किती कमावते हे पाहिले जाते, आणि चांगला पगार असलेल्या पत्नीला स्वतःसाठी काहीही न मिळता फक्त मुलापुरता आदेश झाल्याची उदाहरणे आता नित्याची आहेत.

अडचण रकमेपेक्षा वेळेची आणि वसुलीची अधिक आहे. अंतरिम अर्ज शक्यतो ६० दिवसांत निकाली काढावा, असे कायदा म्हणतो. नागपूरच्या कौटुंबिक न्यायालयातून सुरू झालेल्या रजनेश विरुद्ध नेहा या प्रकरणात २०१३ चा अर्ज होता आणि अंतरिम पोटगीचाच वाद सर्वोच्च न्यायालयात नोव्हेंबर २०२० मध्ये संपला. त्याच निकालाने दोघांनीही उत्पन्न, मालमत्ता आणि देणी यांचे शपथपत्र दाखल करणे बंधनकारक केले आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यावी असे ठरवले. या शपथपत्राने पगारदार माणसाच्या बाबतीत काम सोपे केले आहे. व्यापारी, ठेकेदार, शेतीसोबत जोडधंदा करणारा, यांच्या बाबतीत ते तितकेसे झालेले नाही. विवरणपत्रात वर्षाला तीन-चार लाख दाखवणाऱ्याच्या दारात दोन गाड्या उभ्या असतात, आणि धंदा अचानक भावाच्या किंवा आईच्या नावावर झालेला असतो. अशा वेळी मुलांच्या शाळेची फी, क्लबची वर्गणी, क्रेडिट कार्डाची बिले, विम्याचे हप्ते अशा खर्चाच्या बाजूने उत्पन्नाचा माग काढावा लागतो. पगारदाराच्या बाबतीत याउलट घडते. त्याचा आकडा उघड असल्याने आदेशाचा भार तुलनेने त्याच्यावरच अधिक पडतो, आणि पोटगीच्या आदेशाच्या अंमलबजावणीत त्याच्या पगाराचा दोन तृतीयांशापर्यंतचा भाग जप्त होऊ शकतो. पुरुषांमधली ही विषमता फारशी कोणी बोलून दाखवत नाही.

थकबाकीसाठी दरमहाच्या चुकीमागे एक महिन्यापर्यंत कारावास होऊ शकतो, पण तुरुंगात गेल्याने देणे फिटत नाही, आणि वसुली अर्ज रक्कम देय झाल्यापासून एका वर्षाच्या आत करावा लागतो. हे वर्ष कित्येक बायका तडजोडीच्या आशेवर घालवतात.

पोटगीचे आकडे न्यायालयात येणाऱ्यांचे असतात, हेही लक्षात ठेवावे. २०११ च्या जनगणनेत देशात सुमारे १३.६ लाख व्यक्ती घटस्फोटित नोंदल्या गेल्या आणि विभक्त राहणाऱ्यांची संख्या त्याच्या जवळजवळ तिप्पट होती. दोन्ही गटांत स्त्रियांची संख्या पुरुषांपेक्षा अधिक होती, कारण पुरुषांचे पुनर्विवाह लवकर होतात. विभक्त राहणाऱ्यांपैकी कितीतरी स्त्रिया ‘टाकलेल्या’ या अवस्थेत असतात. त्यांच्याजवळ घटस्फोट नसतो, पोटगी नसते, शिधापत्रिकेवर नाव सासरीच असते. संजय गांधी निराधार योजनेत घटस्फोटितांना जागा आहे, परंतु कुटुंबाची वार्षिक उत्पन्नमर्यादा २१ हजार रुपये आहे, आणि भावाच्या घरी राहणारीला त्याच्या उत्पन्नापासून स्वतःला वेगळे दाखवणे हीच पहिली लढाई ठरते.

आता पुढच्या वर्षांकडे. स्त्रीची घट टिकून राहते, याचे सर्वांत मोठे कारण पोटगीच्या बाहेर आहे. केंद्र सरकारच्या २०१९ च्या वेळ-वापर सर्वेक्षणानुसार स्वतःच्या घरातले बिनपगारी काम करणाऱ्या स्त्रिया त्यावर दिवसाला सरासरी २९९ मिनिटे आणि ते करणारे पुरुष ९७ मिनिटे घालवत होते. विभक्त झाल्यावर मूल आईकडे असेल तर ही मिनिटे तिच्याकडेच राहतात, आणि त्यांत न्यायालयाच्या तारखा वाढतात. सात-आठ वर्षे घरी बसलेल्या पदवीधर बाईला पहिली नोकरी मिळते ती तिच्या जुन्या सहकाऱ्यांपेक्षा दोन पायऱ्या खालची; बदली, उशिरापर्यंत थांबणे, फिरतीचे काम तिला घेता येत नाही, आणि पगारवाढ तिथेच असते. ज्यांची परिस्थिती मी सावरलेली पाहिली, त्यांच्या बाबतीत पोटगीपेक्षा दोन गोष्टी निर्णायक ठरल्या: मूल सांभाळायला आई किंवा बहीण जवळ असणे, आणि नोकरी कधीच पूर्णपणे सोडलेली नसणे.

उतारवयात विभक्त होणाऱ्यांसाठी निवृत्तिवेतनाचा प्रश्न महत्त्वाचा ठरतो. सरकारी नोकराची पत्नी कायदेशीररीत्या पत्नी असेपर्यंत कुटुंबनिवृत्तिवेतनाची हक्कदार असते. घटस्फोट झाला की तो हक्क सामान्यतः संपतो, आणि पतीच्या नोकरीतून मिळणारी आरोग्यसुविधाही. म्हणून साठीजवळ आलेल्या पत्नीला घाईने घटस्फोट देऊ वा घेऊ नका, न्यायिक विभक्ततेचा, म्हणजे लग्न न मोडता न्यायालयाच्या हुकुमाने वेगळे राहण्याचा, विचार करा, असा सल्ला मी अनेकदा देतो.

शेवटी एकरकमी घ्यावी की दरमहा, हा प्रश्न. मुंबई उच्च न्यायालयाने प्रतापगढच्या प्रिन्सेस महेश्वरीदेवी यांच्या प्रकरणात १९८० च्या दशकात घेतलेली भूमिका आजही आधार मानली जाते: दरमहा मिळणारी पोटगी हे करपात्र उत्पन्न, एकरकमी रक्कम ही भांडवली स्वरूपाची असल्याने उत्पन्नात धरली जात नाही, आणि देणाऱ्याला कशावरही वजावट नाही. वसुलीचा भरवसा नसेल, पती परदेशी जाणार असेल किंवा धंदेवाईक असेल, तर एकरकमी रक्कम बरी. फक्त ती भावाच्या व्यवसायात न जाता स्वतःच्या नावावरच्या ठेवीत किंवा घरात जायला हवी. पगारदार पतीच्या बाबतीत दरमहा रक्कम चालेल, पण संमतीच्या अटींमध्ये वाढीचे कलम नसेल तर दहा वर्षांत महागाई तिचा मोठा भाग खाऊन टाकते. सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये राखी साधुखान प्रकरणात दरमहा ५० हजार रुपयांसोबत दर दोन वर्षांनी ५ टक्के वाढ ठरवून दिली. ही वाढ महागाईच्या मानाने कमीच आहे, पण असे कलम घालायला आता समोरच्या वकिलाला समजावून सांगावे लागत नाही. मुलाच्या शिक्षणाची फी या रकमेत न मिळवता स्वतंत्रपणे, थेट शाळेला भरायची असे लिहून घ्यावे. त्यामुळे पित्याला पैसा कुठे गेला याची शंका राहत नाही, आणि आईला दर जूनमध्ये नव्याने मागणी करावी लागत नाही.